कार्डाची मागची बाजू

मनोरुग्णालयाच्या नोंदणीखोलीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला सगळे कार्डबाई म्हणत, आणि ती कुणाच्या बापाला भीत नसे. तिच्या कपाटांत साडेअकराशे पिवळी कार्डं होती. पुढच्या बाजूला डॉक्टरांचं अक्षर: आजार, औषध, मात्रा. मागच्या बाजूला कार्डबाईचं: 'पाठीमागून हाक मारू नये.' 'नळाच्या आवाजाला भितो, पाणी आधीच भरून ठेवावं.' 'रडायला लागली तर रडू द्यावं, दहा मिनिटांत थांबते.' वॉर्डातल्या मावश्या, सिस्टर, भेटीला आलेल्या आया सांगत, आणि ही लिहून ठेवी.

ही खोड लागायला कारण होतं. तिची धाकटी बहीण पहिल्यांदा इथे भरती झाली, तेव्हा तिच्या कार्डाची पुढची बाजू गच्च भरलेली होती आणि मागची कोरी. नव्या मावशीने चांगल्या मनानेच न्हाणीघराचं दार बाहेरून लावून घेतलं. धाकटीला सासरी दोन वर्षं कोंडून ठेवलं होतं, हे त्या बिचारीला कोण सांगणार? दारावर हात आपटून आपटून पोरीने मनगट मोडून घेतलं. औषध बरोबर, मात्रा बरोबर, आणि हात गळ्यात! धाकटी अजूनही वर्षा-दोन वर्षांनी इथे येऊन राहते.

मग संगणक आला आणि त्याच्यामागोमाग संगणकसाहेब आले. "सगळं ज्ञान एका जागी, बाई. बटण दाबलं की रुग्ण समोर!" कार्डबाईला संगणकाचं वावडं नव्हतं. कपाटांची धूळ खाऊन तिला खोकला जडला होता, सुटले तर बरंच. महिन्याभरात ती झरझर टाइप करायला लागली. पण पडद्यावरच्या चौकटी पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"साहेब, मागची बाजू कुठे भरायची?"

"पडद्याला कसली मागची बाजू?"

"मग पुढेच एक चौकट द्या."

"असल्या गप्पाटप्पांना चौकट नाही. आजारांची यादी दिलीय, त्यातून निवडा. महिनाअखेरच्या शुक्रवारी कार्डं रद्दीत जाणार."

आता बोला! आयुष्यात वॉर्डाची पायरी न चढलेला माणूस उंटावरून शेळ्या हाकत होता. कार्डबाईने घरी जाऊन भांडी आपटली. नवऱ्याने "मी काय केलं?" विचारलं, तर त्यालाही चार शब्द ऐकवले. सकाळी मात्र ती शांतपणे कामाला बसली.

एक चौकट तिने हेरून ठेवली होती. अ‍ॅलर्जीची. रुग्णाचं पान उघडलं की सगळ्यांत आधी तीच दिसे, लालभडक, आणि 'वाचलं' असं दाबल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. शंभरातल्या तिघाचौघांना काही अ‍ॅलर्जी असेल. बाकीच्या चौकटी ओस. बाईने एकेक कार्ड पालथं करून त्या भरायला घेतल्या. जेवणाची सुट्टी सोडली, मान अवघडली, बोटं सुजली. गुरुवारी चारला शेवटचं कार्ड संपलं. ते धाकटीचं होतं: 'दार बाहेरून लावू नये. कधीच नाही.'

शुक्रवारी साहेब तणतणत आले. हातात मेमो.

"साडेअकराशेच्या साडेअकराशे रुग्णांना अ‍ॅलर्जी? 'बाप भेटीला आल्यास आधी तिला विचारावं', ही अ‍ॅलर्जी?"

"तुम्ही तिचा बाप पाहिला नाहीत."

"पुसा. आत्ताच्या आत्ता."

"पुसणार नाही."

साहेबांनी खुर्ची ओढून स्वतःच बटण दाबलं. पडद्यावर पाटी आली: अ‍ॅलर्जीची नोंद डॉक्टरांच्या सहीशिवाय काढता येत नाही, प्रत्येक रुग्णासाठी वेगळी सही हवी. हा नियम साहेबांनीच घातला होता. "चुकून पुसलं तर जीव जाईल," असं शिकवणीत छाती फुगवून सांगितलंही होतं. बाईने तेवढं मन लावून ऐकलं होतं.

मग थोरल्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते आले, चष्मा पुसला, साहेबांनी उघडून दिलेलं पहिलं पान वाचलं आणि तिथेच थांबले.

"'पाठीमागून हाक मारू नये.' याला मी सहा वर्षं तपासतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "तो खिडकीकडे तोंड करून बसतो. मी मागून येतो, हाक मारतो, तो किंचाळतो. मी मात्रा वाढवत गेलो."

कार्डबाईलाही त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं नाही.

"सही मिळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसरं पान काढा. आणि रद्दीवाल्याला परत पाठवा."

साहेबांचं तोंड उतरलं, पण मेमो काही त्यांनी खिशात घातला नाही. "नियम तो नियम. बाई, लेखी खुलासा द्या. मी वर पाठवणार."

"द्या इकडे."

बाईने मेमोची पुढची बाजू वाचली: तारीख, कलम, गुन्हा. सगळं गच्च भरलेलं. तिने कागद पालथा केला, पेन काढलं, आणि एकतीस वर्षांच्या त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'या बाईला दमात घेऊ नये. उपयोग होत नाही.'

"वर पाठवाल तेव्हा," ती म्हणाली, "दोन्ही बाजू पाठवा."