रेंजचा दगड

जळगाव जामोदच्या स्टँडवर बस पुरती थांबायच्या आत भार्गवीने खिडकीतून रुमाल आत टाकला आणि दोघींची जागा धरली. साठी ओलांडलेल्या बाईची ही चपळाई बघून चारुलताला हसू आलं. शनिवार-रविवार सातपुड्यात पायी भटकायचं, आणि जायचं ते एसटीनेच, हा दोघींचा जुना नेम. या खेपेला चारुलताचे गुडघे कुरकुरत होते, पण भार्गवीने आठवडाभर भुणभुण लावली.

"चल ना वं. बुलढाण्यात घरी बसून काय करशीन?"

वर तिने स्वतःच्या हाताने गुडघ्यांना तेलही चोळून दिलं होतं.

शेवटच्या थांब्यावर उतरून त्या सागाच्या रानातून वर निघाल्या. पानं झडलेली, त्यामुळे ऊन थेट डोक्यावर. भार्गवीची टकळी चालूच होती आणि चारुलताला ती ऐकत चालायला बरं वाटत होतं. नवरा गेल्यावर आपलं म्हणावं असं तिच्याजवळ दोनच उरलं होतं, राहतं घर आणि ही मैत्रीण. मुलगा आल्हाद पुण्याला ये म्हणून मागे लागला होता. त्या घरातून मी आडवीच निघणार, असं तिने भार्गवीला याच वाटेवर सांगितलं होतं.

माथ्यावर एक सपाट दगड होता. सबंध डोंगरात मोबाइलला रेंज काय ती तिथेच. चारुलता टेकते न टेकते तोच फोन वाजला. शेजारच्या कादरभाईंची बायको मुबीना होती. ऐकू कमी येत असल्याने चारुलता फोन नेहमी स्पीकरवरच घेई.

"ताई, घर विकून राह्यल्या अन् आमाले सांगतलंबी नाही?" मुबीनाला रडू फुटायचं बाकी होतं. "एवढा आपला शेजार!"

"कोन म्हनते विकते म्हनून?"

"आल्हाद आला ना पुन्याहून. देवेशले घर दाखवून राह्यला. टेप लावून मोजून राह्यले दोघं. मी इचारलं, किल्ली कोठून आनली? तं म्हने, भार्गवीमावशीनं देली."

देवेश भार्गवीचा मुलगा. आणि घराची दुसरी किल्ली चारुलताने जगात एकाच माणसाला दिली होती. एकट्या बाईला अडीअडचणीला कुणीतरी हवं म्हणून.

तिने वर पाहिलं. भार्गवी शिदोरी सोडत होती, ठेच्याची डबी तिच्या हातातच राहिली.

"आल्हादच म्हने, मावशी, आईले दोन दिवस बाहेर ने," ती पुटपुटली. "अन् परक्याच्या घशात जाण्यापरीस आपल्या देवेशले... तुह्या भल्याचंच होतं, चारू."

चारुलताला पोराचा राग आलाच, पण तो ओळखीचा राग होता. पोरं कधी ना कधी आईचं घर मोजतातच. भार्गवीने मात्र तेल चोळून, गोड बोलून तिला घराबाहेर काढलं होतं. केसाने गळा कापला, असं तिने आजवर शंभरदा म्हटलं असेल, पण गळा असा आतून दुखतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"मुबीना, मी काही घर विकत नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "आताच निंगते. तुमच्या कादरभाईले म्हना, एक चांगलं कुलूप आनून ठेवा. दाराचं बदलवाचं आहे."

फोन बंद करून ती उठली आणि पिशवी खांद्याला लावली.

"पोटच्या पोराले घराबाहेर ठेवशीन तू?" भार्गवीने विचारलं.

"त्याले काऊन ठेवू?" चारुलता म्हणाली. "तो आला की दार मीच उघडते. त्याच्याजवळ कधी किल्ली नव्हतीच."