मोठं गाव धरावं

हात वर करून नकाशेकाकांनी शिंप्याला गप्प केलं आणि रेडिओचा आवाज वाढवला. शिंपी ओठांत दोन टाचण्या धरून त्यांच्या पायाशी बसला होता, पॅन्टची उंची ठरवत होता, त्यामुळे तसाही तो फारसं बोलत नव्हता. बंदरातल्या एका गोदामात स्फोट झाला आहे, बातम्या देणारी बाई सांगत होती, आग शेजारच्या धक्क्यांवर पसरली आहे, आत किती माणसं आहेत ते अजून कळलेलं नाही. मग तिने गावाचं नाव घेतलं.

ते त्यांच्या मुलाच्या गावाचं नाव होतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी दुरुस्त करून परत दिलेलं काकांचं काळीज बरगड्यांवर धडका मारू लागलं. मुलगा त्या गावी बंदरातच कामाला होता, मोठ्या क्रेन दुरुस्त करायचं काम. बाई आणखी दोन वाक्यं बोलली, आणि तेवढा वेळ काकांनी श्वास घेतला नाही. तिसऱ्या वाक्यात देशाचं नाव आलं. तो देश महासागराच्या पलीकडचा होता.

काका होते तिथेच खुर्चीत बसले.

“आपलं नव्हे,” ते म्हणाले. “दुसरं गाव आहे ते.”

शिंप्याने ओठांतल्या टाचण्या काढल्या. खालच्या मजल्यावर त्याचं दुकान होतं, आजारपणात काकांची कंबर दोन इंच कमी झाल्यापासून त्यांच्या सगळ्या पॅन्टी त्याच्याकडे होत्या, आणि दुरुस्तीपेक्षा गप्पांसाठीच तो वर येतो असं काकूंचं मत होतं. काकू टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या.

नाव तर तेच घेतलं की, असं शिंपी म्हणाला, आणि त्याने हे विचारायला नको होतं, किंवा विचारलं ते बरंच झालं. कारण काकांना धीर यायचा तो समजावून सांगण्यातूनच. चौतीस वर्षं त्यांनी नकाशे छापणाऱ्या कारखान्यात सूचीच्या खात्यात काढली होती. नकाशांच्या जाड पुस्तकाच्या शेवटी मुंग्यांएवढ्या अक्षरांत गावांची यादी असते, ती यादी म्हणजे काका. एकाच नावाची पाच-पाच, दहा-दहा गावं एकमेकांपासून वेगळी करायची, कोणाला कोणाच्या जागी बसू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. इमारतीतल्या पोरांनी त्यांना नकाशेकाका केलं ते कायमचं. आणि त्या नावाची, त्यांनी शिंप्याला सांगितलं, जगात अकरा गावं आहेत. ती त्यांनीच वसवली असावीत अशा थाटात त्यांनी ते सांगितलं.

“पण कशाला?” शिंपी म्हणाला. “दुनियेत नावांचा दुष्काळ आहे का?”

“भीतीने,” काका म्हणाले.

मग त्यांनी त्याला गलबतांची गोष्ट सांगितली. माणसं घर सोडून निघतात, महिनोन्महिने पाणी बघतात, अर्धी वाटेत मरतात. उरलेली कुठल्यातरी किनाऱ्यावर उतरतात. झाडं अनोळखी, पाखरं अनोळखी, रात्री कसला आवाज येतोय तेही कळत नाही. तिथे पहिलं काय करायचं, तर जिथून निघालो त्या गावाचं नाव या जागेला द्यायचं. म्हणजे सकाळी उठून म्हणता येतं, मी अमुक गावात आहे. खोटं असतं, पण झोप लागते. आणि बंदरातून निघालेली माणसं उतरायला बंदरच शोधतात, म्हणून दोन्हीकडे गोदामं, दोन्हीकडे धक्के, दोन्हीकडे क्रेन.

शिंप्याला ते पटलं. गिऱ्हाईकसुद्धा असंच करतं, तो म्हणाला, माप द्यायची भीती वाटली की जुना शर्ट आणून देतं, यावरून नवा बेता म्हणतं. मग तो अंगाला होत नाही आणि शिव्या शिंप्याला.

काका हसले. जीव भांड्यात पडला होता, हसू येत होतं. म्हणूनच त्यांनी काकूंकडे पाहिलं, आणि काकू मटाराचे दाणे खालच्या वर्तमानपत्रावर टाकून सालं पातेल्यात भरत होत्या.

“अगं, आज सालांची भाजी का?”

काकूंनी पातेल्यात पाहिलं. त्यांच्या मांडीवर फोन होता. त्यांनी अंगठ्याने काहीतरी दाबलं, वाट पाहिली, पुन्हा दाबलं.

मन चिंती ते वैरी न चिंती, काका म्हणाले, आणि आता समजावून सांगायला घरचंच माणूस मिळाल्याने ते उठले. पॅन्टच्या पायांना टाचण्या तशाच होत्या. खिडकीपाशी स्टँडवर त्यांचं नकाशांचं मोठं पुस्तक उघडं असायचं, नोकरीच्या शेवटच्या दिवशी कारखान्याने दिलेलं. त्यात एक लाल डोक्याची टाचणी होती, शिंप्याकडूनच मागून आणलेली. काकांनी अख्खं पुस्तक उचलून टेबलावर आणलं आणि टाचणीच्या शेजारी बोट ठेवलं. हे आपलं गाव. सकाळी विमानात बसलं तर संध्याकाळी जेवायला त्याच्या घरी. आणि आग लागली ती तिकडे, जगाच्या दुसऱ्या टोकाला.

“पान उलटा,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“हे पान नाही.”

त्यांनी हात पदराला न पुसताच पुस्तक आपल्याकडे ओढलं. सूची पाहिली नाही, पानांचे आकडे पाहिले नाहीत. जाड गठ्ठा एकदम उलटून त्या बरोबर महासागरापलीकडच्या किनाऱ्यावर थांबल्या आणि नखाने एक ठिपका दाखवला. काका वाकले. ठिपक्यात भोक होतं. एक नव्हे, टाचणीची पन्नास-साठ भोकं एकाला एक लागून पडली होती. ठिपका जवळजवळ उरलाच नव्हता.

“दर रविवारी दुपारी तुम्ही झोपलात की टाचणी इथे लावते,” काकू म्हणाल्या. “तासभर. मग परत तिकडे.”

शिंपी उभा राहिला, पण गेला नाही.

बाकीचं काकूंनी ठिपक्याकडे बघत सांगितलं, आणि ते फार नव्हतं. काका दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी मुलाने नव्या नोकरीचं कळवलं होतं, गावाचं नाव सांगितलं होतं. कुठल्या देशातलं, हे काकांनी विचारलं नाही. चौतीस वर्षं सूची केलेल्या माणसाने काय विचारायचं? त्यांनी टाचणी लावली आणि म्हणाले, जवळच आहे की. त्या दिवशी आठवड्यानंतर पहिल्यांदा ते गाढ झोपले. काकूंनी मुलाला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, ते नव्हे ते गाव, पण राहू दे आई, बरे झाले की सांगू. मग बरे झाले, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. सव्वा वर्ष झालं.

काकांना कारखान्यातली भिंत आठवली. सूचीच्या खात्यात एक नियम कागदावर लिहून चिकटवला होता, त्यांच्याच हस्ताक्षरात: देश दिला नसेल तर मोठं गाव धरावं. अकरांतलं सगळ्यांत मोठं गाव त्यांनी धरलं होतं. पोराला विचारायचं सोडून नियम लावला होता.

आणि रविवारचे व्हिडिओ कॉल आठवले. इथे संध्याकाळचे सहा, तिथे दुपारचे दोन, असा काकांचा हिशेब. भर दुपारी मुलाच्या खोलीत पडदे लावलेले आणि दिवा चालू. ऊन फार येतं हो बाबा, तो म्हणायचा आणि जांभई द्यायचा. दुपारी दोनला जांभया देणारा तरणाताठा माणूस पाहून काका दर वेळी त्याला आळशी म्हणाले होते. आता त्यांनी नकाशावरच्या उभ्या रेघा मोजल्या. तिथे तेव्हा सकाळचे सहा. सव्वा वर्ष पोरगा दर रविवारी पहाटे उठून पडदे लावून दुपार करत होता.

रागवायला वेळ नव्हता. रेडिओवर तीच बाई तीच बातमी पुन्हा सांगू लागली. मघाशी ती लांबच्या गावाची बातमी होती, आता तिचा एकेक शब्द अंगावर येत होता. चौदा मृतदेह सापडले. क्रेनवरचे काही कामगार बेपत्ता.

“पाळी कुठली होती त्याची?”

“दिवसाची. या आठवड्यात दिवसाची म्हणाला होता.” काकू थांबल्या. “बहुतेक.”

काकांनी हिशेब केला, इथे सकाळचे दहा, म्हणजे तिथे रात्रीचे दहा, दिवसाची पाळी असेल तर पोरगा आत्ता घरी. घर कुठे आहे त्याचं, त्यांनी विचारलं, आणि काकूंना तेही माहीत होतं. धक्क्यापासून तिसरी गल्ली. काकांनी सवयीने खिशातून छोटी पट्टी काढून ठिपक्याला लावली, आणि लावल्यावर त्यांचं त्यांनाच कळेना आपण काय मोजतोय. त्या नकाशात ठिपक्याची जाडीच सहा किलोमीटर होती. गोदाम, धक्का, तिसरी गल्ली आणि पोरगा, सगळे त्या एका ठिपक्यात होते, आणि त्या ठिपक्याचंही भोक झालेलं.

काकू फोन लावत होत्या. शिंप्याने एक स्टूल ओढलं, पातेलं पुढ्यात घेतलं आणि सालांत दाणे राहिले नसल्याची खात्री करून दाणे आणि सालं आपापल्या जागी टाकायला लागला. कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. काका नकाशासमोर उभे राहिले. मघाशी त्या दुसऱ्या गावाला आग लागली म्हणून आपल्याला किती बरं वाटलं होतं, ते त्यांना आठवलं आणि भीतीत लाजेची भर पडली. जणू तेव्हाच कोणीतरी ते ऐकून ठेवलं होतं.

फोन वाजला तेव्हा तो काकूंच्या हातातच होता, तरी त्यांच्या हातून निसटला. शिंप्याने तो वर्तमानपत्रावरून उचलून दिला. काकूंनी कानाला लावला. त्यांचं तोंड काकांना दिसत नव्हतं, पाठ दिसत होती, आणि ती पाठ हळूहळू खाली बसली, खुर्चीत टेकली.

“हो,” त्या म्हणाल्या. “हो. नाही रे, रडत नाही.” मग त्यांनी वळून काकांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात त्यांनी काय मागितलं ते काकांना कळलं नाही. “आहेत. इथेच आहेत. देते.”

काकांनी फोन घेतला.

“बाबा, बातम्या ऐकल्यात का?” मुलाचा आवाज चढलेला होता, धापही लागली होती. “म्हटलं उगाच घाबरला असाल. ते दुसरं गाव आहे हो. समुद्रापलीकडचं.”

त्याच्या मागे भोंगे वाजत होते, एक थांबला की दुसरा. त्याहून जवळ कोणीतरी झाडू मारत होतं, आणि झाडूबरोबर काच सरकत असल्याचा आवाज येत होता, खूप काच. काकांनी टेबलाची कड धरली. काकू बघत होत्या. शिंपी मटाराकडे बघत होता.

“माहीत आहे मला,” काका म्हणाले. “मी इथे सगळ्यांना तेच सांगत होतो.”

“मग झालं तर. इथे सगळं ठीक आहे. आत्ता कुठे उजाडतंय.”

“बरं.”

“तुम्ही गोळी घेतली का सकाळची?”

“घेतली.” काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “पायात काय घातलंयस?”

“काय?”

“बूट घाल. अनवाणी फिरू नकोस घरात. आणि खिडकीशी झोपू नकोस आज.”

पलीकडे झाडू थांबला. भोंगे तेवढे वाजत राहिले.

“हो बाबा,” मुलगा म्हणाला.

मग दोघांपैकी कोणीच फोन ठेवेना.