एक अख्खी दुपार हवी होती

मी एक जुना, दोन टनांचा एसी आहे. मित्रांनो, आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही, पण सांगतो. ऐन उमेदीत मी नुसती एक फुंकर मारली, की भिंतीवरची पाल दात वाजवत शाल मागायची. वाफाळता चहा कपातून बशीत पडेपर्यंत त्याचा खडा व्हायचा!

"हळू फेक," शेजारचा टेबलफॅन कुरकुरला. भंगाराच्या दुकानात शेजार निवडता येत नाही. पण पुढचं ऐका. पुढचं खरं आहे. निदान बरंचसं.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी एकच इच्छा होती. एखादी अख्खी दुपार न थांबता चालावं आणि खोलीतल्या माणसांना गाढ झोप लागलेली पाहावी.

मला घरी आणलं ते मोजणीदार काकांनी. उभा जन्म त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. वीतभर बांधासाठी भांडणारे भाऊ त्यांचा आकडा ऐकून गप्प बसत. त्यांच्या हातचे नकाशे झोपायच्या खोलीतल्या लाकडी कपाटात होते, आणि तिथली हवा अशी दमट, की बरणीतलं मीठसुद्धा चमच्याला धरून बसायचं. त्या हवेपासून नकाशे वाचवायला मी हवा होतो. सगळ्यांत जपायचा नकाशा काकूंच्या माहेरचा. ते गाव केव्हाच धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. काकूंचं घर, विहीर, वळणावरची चिंच, सारं आता फक्त त्या कागदावर उरलं होतं.

"खोली केवढी आहे, काका?" मिस्त्रीने विचारलं.

"मोजणीदाराला मोजमाप विचारतोस? माझी नजर म्हणजेच फीत. शेजाऱ्याकडे दीड टनाचा आहे ना? मग आपल्याकडे दोन टनांचा!"

"अहो, झोपायची खोली आहे ती, नाटकगृह नव्हे," काकू म्हणाल्या. पण काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

झालं! खिडकीत बसलो, जोर लावला, आणि सहा मिनिटांत खोली गारठली. खोली गार झाली की मला थांबावंच लागे. हवेतलं पाणी माझ्या जाळीवर नुकतं कुठे जमायला लागलेलं असे. ते मागच्या नळीतून बाहेर पडायच्या आत मी बंद. तेच पाणी मग पुन्हा खोलीत. थोड्या वेळाने पुन्हा सहा मिनिटं, पुन्हा बंद. सगळे म्हणायचे, "वा, काय गारवा!" आणि माझी नळी कोरडीच. नळीखाली ठेवलेल्या बादलीत कोळ्याने जाळं विणलं, आता बोला!

उशा गार आणि चिकट झाल्या. काका तापमानाचा आकडा आणखी खाली आणत; मी तेवढाही गारवा चटकन आणून पुन्हा थांबे. एके दिवशी काकूंनी कपाट उघडलं. नकाशावर काळी बुरशी धरली होती. चिंच गेली होती. डाग विहिरीपर्यंत आला होता.

काकू ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एकदा बुडालं तेवढं पुरे होतं हो. कपाटात पुन्हा कशाला बुडवलंत?"

काकांनी खाली मान घातली आणि मिस्त्रीला बोलावलं. या खेपेला मिस्त्रीने फीत काढली. लांबी, रुंदी, उंची मोजली. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहिला, खिडक्या मोजल्या, खोलीत माणसं किती झोपतात तेही विचारलं. मग म्हणाला, "काका, नांगराचा बैल तुम्ही कुंडीला जुंपलात. इथे एक टन पुष्कळ. तो सावकाश चालेल, पण चालत राहील. चालत राहिला तरच हवेतलं पाणी बाहेर जाईल."

"जगाची मोजणी केली," काका पुटपुटले, "आणि स्वतःची खोली तेवढी राहिली."

माझ्या जागी एक टनाचा छोटा बसवला आणि मला गॅलरीत ठेवलं. भंगारवाला येईपर्यंत तीन दिवस मी तिथे होतो, आणि तीन दिवस त्या छोट्याची नळी ऐकत होतो. टप. टप. टप. अख्खी दुपार. बादली भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. काकूंच्या घोरण्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. डाग विहिरीपाशी थांबला, घर वाचलं. जाताना काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझी चूक नव्हती रे," म्हणाले.

म्हणून सांगतो मित्रांनो, यंत्र घेण्याआधी खोली मोजा. शेजाऱ्याशी बरोबरी करू नका. मोठ्याला मोठं काम द्या, नाहीतर ते बिचारं उभ्या जन्मात एकदाही पोटभर चालत नाही.

माझी काळजी करू नका. माझं पुढे छानच झालं. एका भल्यामोठ्या वाचनालयाने मला नेलं. तिथे मी सकाळी सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. माझ्या नळीच्या पाण्यावर त्यांनी बाग फुलवली आहे. आत्तासुद्धा, हे सांगतानासुद्धा, मी चालतोच आहे. ऐका ना, टप, टप...

"अरे खोटारड्या," टेबलफॅन म्हणाला, "पत्र्यावरून दव गळतंय ते. तुझी वायर कापून वर्ष झालं, आणि पोटात साळुंकीची पिल्लं निजलीत. हळू बोल, उठतील."