बाबांनी ठोकलेली शेवटची बॅट

बाबांच्या दुकानात काउंटरच्या वर एक पाटी आहे. ‘इथून ठोकून नेलेली बॅट पहिल्या मोसमात मोडली, तर दोष माझा.’ जागा संपल्यामुळे रंगाऱ्याने ‘माझा’ हा शब्द कोपऱ्यात बारीक अक्षरांत कोंबलाय. बाबा म्हणायचे, बरोबरच आहे, दोष मोठा लिहावा आणि आपण कोपऱ्यात राहावं.

बाबा गेल्यानंतर दुकान पहिल्यांदा उघडलं, त्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं ते त्या पाटीकडे बोट दाखवतच. समोरचे दातांचे डॉक्टर. काखेत बॅट आणि चेहरा नुकतीच दाढ काढलेल्या माणसासारखा.

“वहिनी,” ते आईला म्हणाले, “वाईट वेळी आलोय, पण हे बघा.” त्यांनी बॅट काउंटरवर आडवी ठेवली. चेंडू जिथे बसायला हवा, नेमक्या तिथून खालपर्यंत उभी चीर गेली होती. “पहिलीच मॅच. असा आवाज झाला की अंपायरने मान खाली घातली.”

“आणि चेंडू?” मी विचारलं.

“चेंडू विकेटकीपरकडे गेला. तो मुद्दा नाही.”

नवी बॅट दुकानातून थेट मैदानात नेत नाहीत. लाकूड कोवळं असतं. आधी जवसाच्या तेलाचा हलका हात फिरवायचा, मग लाकडी हातोडीने फळीवर टकटक करत राहायचं. सुरुवातीला हळू, मग बेताबेताने जोर वाढवत. त्याने वरचं लाकूड दबून घट्ट होतं. बरेच दुकानदार हे काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालतात. बाबा घालत नसत. दुकानाला लागूनच आमचं घर, त्यामुळे माझा सगळा अभ्यास त्या टकटकीवर झाला. ठोकता ठोकता ते रेडिओवर बातम्या ऐकत आणि संताप आणणारी बातमी लागली की हातोडी खाली ठेवत. “रागाचा ठोका लाकूड विसरत नाही,” म्हणायचे.

ही त्यांची शेवटची बॅट. अंथरुणाला खिळल्यावरही त्यांनी ती तयार करून दिली, हे मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. जरा अभिमानानेच. बाबा नाहीत, हे मी एव्हाना कसंबसं शिकत होते. बाबांचा हात चुकला, हे शिकायची माझी तयारी नव्हती.

“यॉर्करवर मोडली का?” मी उलटतपासणी सुरू केली.

“ताई, या वयात मी यॉर्कर खेळत नाही. त्याला नमस्कार करून जाऊ देतो.”

“मैदान ओलं असेल.”

“खडखडीत कोरडं. हे बघा, मला दुसरी बॅट नको, काही नको. फक्त कोणीतरी म्हणा, दोष माझा नव्हता. सगळी टीम म्हणतेय, डॉक्टरांनी दाढ समजून बॅटच उपटली.”

आई इतका वेळ तेलाची एकच बाटली पुसत होती. ती न बघताच म्हणाली, “दोष तुमचा नाही. ह्यांचाही नाही. माझा आहे.”

“आई, तुझा काय संबंध?”

“मीच ठोकली ती. ह्यांना हातोडी उचलतच नव्हती. ते पलंगावर, मी दारात स्टुलावर. डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि सांगायचे, आता कडेला ये, हळू. अगं, कपडे धुतेस का?”

डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

“मग एका दुपारी म्हणाले, माझ्यामागे दुकान विकून टाक, तुला झेपायचं नाही. अस्सा राग आला मला! दिले ठेवून दोन-तीन ठोके. खड्डे पडले.”

“बाबा काय म्हणाले?”

“तेच तर. ओरडतील म्हणून वाट बघितली. जरा वेळाने म्हणाले, चालेल.”

उभ्या जन्मात बाबांनी कुठल्या बॅटला ‘चालेल’ म्हटलं नव्हतं. माझ्या पहिल्या नोकरीलाही ते ‘बघू’ म्हणाले होते.

“आजाऱ्याने माझं मन राखलं,” आई म्हणाली. “त्यांच्या नावावर गेलेली बॅट माझ्या हाताने मोडली.”

काहीतरी करायला हवं म्हणून मी बॅट दाराच्या उजेडात नेली. चीर जिथून सुरू होत होती, तिथे एक पांढरा, गुळगुळीत ठिपका होता. शेजारी आणखी एक. नखाने खरवडला, दाद देईना.

“डॉक्टर, हे काय?”

डॉक्टरांना एकाएकी बुटाची नाडी बांधावीशी वाटली. “ते... खड्डे होते ना.”

“मग?”

“खड्डा दिसला की मला राहवत नाही हो. त्यात क्लिनिकला सुट्टी होती.”

“तुम्ही बॅटचा दात भरलात?”

“आधी साफ केला. साफ केल्याशिवाय भरलेलं टिकत नाही.”

“कशाने साफ केला?”

“अगदी बारीक ड्रिल.” नाडी अजून बांधून होत नव्हती. “मऊ भाग संपेपर्यंत जायचं असतं. पण तो काही संपेचना.”

आईच्या हातातली बाटली खाली आली. “अहो, ते लाकूड आहे! ते शेवटपर्यंत मऊच असतं!”

“ते मला जरा उशिरा लक्षात आलं.”

“निदान भुलीचं इंजेक्शन तरी दिलंत का तिला?” असं म्हणून आई हसायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. पदराने डोळे पुसत, थांबत, पुन्हा हसत.

“म्हणजे दोष माझाच,” डॉक्टर उठून उभे राहिले.

“छे, खड्डे मी पाडले.”

“खड्डे बारीक होते, वहिनी. खोल मी केले.”

“पडलेच नसते तर तुम्ही कशाला केले असते?”

हॉटेलात बिलासाठी भांडावं तशी दोघं दोषासाठी भांडू लागली.

“आई,” मी म्हणाले, “बाबांना खड्डे ऐकू आले होते ना?”

“त्यांच्या कानातून काय सुटायचं?”

“मग ऐकूनच ‘चालेल’ म्हणाले ते. बॅटीच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाचं मन राखलंय?”

आईने विचार केला. “माझं तर मुळीच नाही,” ती म्हणाली. मग पाटीखालून एक कोरी बॅट काढून तिने डॉक्टरांना दाखवली. “ही चार दिवसांनी न्या. आणि तोवर ड्रिल माझ्याकडे आणून ठेवा.”

तिने हातोडी घेतली आणि मला म्हणाली, “तू आत जा. पलंगावर बसून कान दे.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“ह्यांना तरी सुरुवातीला कुठे कळत होतं? नुसता आव आणायचे.”

मी आत जाऊन पलंगाच्या कडेला बसले. बाबांची उशी बाजूला सरकवली आणि डोळे मिटले. बाहेर धाडकन आवाज झाला. मग शांतता. आई वाट बघत असणार.

“चालेल,” मी ओरडून सांगितलं.

“ते स्टूल पडलं,” आई म्हणाली. “मी अजून सुरुवातच केलेली नाही.”