रेडिओची बॅटरी वेगळी

२०२३च्या डिसेंबरात, एका रविवारी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी वनमाला साळवींनी मोर्सची कळ दाबली आणि रेडिओ मेला. कळ सोडली तसा पुन्हा जिवंत झाला. इअरफोनमध्ये शकु त्यांना हाक मारतच होती.

कळ दाबणारा शकुचा हात त्यांनी हजारांत ओळखला असता. घाटकोपरच्या तारघरात दोघी एकतीस वर्षं एका बाकावर बसल्या होत्या. आता शकु विट्याजवळच्या आपल्या गावी. घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला, त्याला तीन महिने झाले होते. फोन केला की पलीकडून नुसता श्वास. मेसेजला उत्तर एकच, ‘ठीक’. शेवटी तिच्या भाचीने, सपनाने, माळ्यावरचा मोर्सचा जुना रेडिओ काढून दिला. तीन महिन्यांनी शकु आज बोलणार होती.

वनमालाबाईंना नाहूरच्या सोसायटीने गच्चीवर अँटेना लावू दिली नव्हती. म्हणून आरे कॉलनीतलं हे मैदान, हौशी रेडिओ क्लबचं महिन्याचं शिबिर, आणि विजेसाठी ट्रॉलीला बांधून आणलेली स्वतःची बॅटरी.

त्यांनी पुन्हा कळ दाबली. रेडिओ पुन्हा बंद. मीटर लावून पाहिलं. ऐकण्यापुरता जीव बॅटरीत होता, बोलण्यापुरता नव्हता. तिच्या टोकांवरून निघालेली एक परकी वायर टेबलाखालून थेट क्लबच्या सेक्रेटरीच्या, सुबोधच्या, लॅपटॉपकडे गेली होती. मध्ये इन्व्हर्टर गुणगुणत होता.

“सुबोध! ही वायर कुणी लावली?”

“मी, काकू. सकाळपासून स्क्रीनवर मॅप चालू आहे ना, माझी बॅटरी बसली.”

“म्हणून माझी पण बसवलीस? रेडिओची बॅटरी वेगळी, लॅपटॉपची वेगळी, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ना रे? की डोकंही इन्व्हर्टरवर चालतं तुझं?”

“विचारलं होतं मी. तुम्ही मान हलवून हो म्हणालात.”

“मी? कधी?”

“नऊ वाजता. इअरफोन लावून बसला होतात.”

“खोटारड्या! चूक करायची आणि वर म्हातारीच्या माथी मारायची!”

मैदानातले सगळे वळून बघू लागले. सुबोधचे कान लाल झाले. त्याने पाना उचलला, आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि आतली बॅटरी पोटाशी धरून घेऊन आला. रागाच्या भरात वनमालाबाईंच्या हातून क्लिप दोनदा निसटली.

“देऊ का लावून?”

“हात लावू नकोस.”

अकरा सतरा. शकु अजून होती. पण आता हाका नव्हत्या, शिव्या होत्या.

‘कुठे मेलीस? पंधरा मिनिटं बोंबलतेय. माझा घसा गेलाय, बोटं नाहीत.’

वनमालाबाईंनी कळ दाबली. रेडिओ टिकला. तीन महिने मनात घोळवलेलं एकही वाक्य आठवेना. त्यांनी तक्रारच पाठवली: एका टोणग्याने बॅटरी संपवली, वर म्हणतो मी मान हलवली.

 पलीकडून सावकाश अक्षरं आली.

‘हलवली असशील. मोर्स ऐकताना तू कायमच डोलतेस. तशीच डोललीस म्हणून साहेबांनी एकदा तुला गणपतीत ड्यूटी लावली होती. तेव्हाही त्यांनाच खोटारडं म्हणालीस.’

वनमालाबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. अक्षरं संपली तरी पेन्सिल कागदावर टेकून राहिली. मग त्यांनी वही फिरवली आणि सुबोधपुढे सरकवली. 

त्याने वाचलं आणि खाली वाकून आपली वायर गुंडाळायला लागला.

त्या दिवशी सुबोधची गाडी चौघांनी ढकलून सुरू करावी लागली. पुढच्या वर्षी तो नोकरीसाठी पुण्याला गेला. वनमालाबाईंची माफी त्याला तोंडी कधी मिळाली नाही. नाहूरची सोसायटी अजून अँटेना लावू देत नाही. शकु त्यानंतर चौदा महिने होती, शिबिराचा एकही रविवार तिने चुकवला नाही. मग सपनाने परीक्षा देऊन रेडिओचं लायसन्स काढलं. कळ दाबताना ती अक्षरं खाते, आणि आरेच्या मैदानातून वनमालाबाई तिला शकुच्याच शिव्या घालतात.