छातीवरचा रेजुना

आमच्या बेटावर, क्लुंगकुंगच्या बाजारामागे जुन्या नाण्यांच्या राशी घेऊन बसणाऱ्या बायका मला पाहिलं की भाव वाढवतात. सुदर्ना ज्या राशीपाशी बसेल तिच्यात काहीतरी असणारच, असा माझा लौकिक. चाळीस वर्षं मी भोकाची नाणी पारखतोय. भोकाची कड दोऱ्याने झिजून गुळगुळीत झाली असेल तर नाणं खरं, कानशीचे ओरखडे दिसले तर ओतीव नक्कल. दगडावर टाकलं की खरं नाणं वाजतं, खोटं नुसतंच पडतं. विद्या म्हणाल तर एवढीच, पण लोकांना वाटतं माझ्या डोळ्यांतच काहीतरी आहे.

माझी मुलगी सुमेर्ती हे सगळं माझ्याकडून शिकली. ती पूजेची तबकं बांधून विकते, त्यात ही नाणी लागतात, म्हणून महिन्यातून एकदा आम्ही दोघं बाजारात येतो. त्या दिवशी गेलगेल गावच्या म्हातारीपुढे राशीत हात घालून बसलेल्या सुमेर्तीने बोलता बोलता एक नाणं उजेडात धरलं.

“बापा, हे बघा.”

काळवंडलेलं नाणं होतं. त्यावर धनुष्य ताणलेला अर्जुन, म्हणजे आमचा रेजुना, आणि त्याच्या पायाशी काठाची एक कपची उडालेली.

मला ओळखायला क्षणही लागला नाही. ती कपची मीच उडवली होती, कानशीने, अकरा वर्षांपूर्वी.

सांगूनच टाकतो. माझी बायको रस्मिनी, तिला तिच्या आईने एक रेजुना दिला होता. तसा रेखीव मी दुसरा पाहिला नाही. मरताना ती म्हणाली, “तो माझ्या छातीवर जाऊ दे.” आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या देहावर दोऱ्यात ओवलेल्या नाण्यांची मनुष्याकृती ठेवतात आणि ती देहाबरोबरच जाळतात. ती नाणी म्हणजे त्या माणसाची हाडं. त्यात खोट राहिली तर पुढच्या जन्मी माणूस अधू येतो, असं मानतात. रस्मिनीच्या छातीच्या जागी मी नक्कल ओवली, कपचीसकट हुबेहूब. खरा रेजुना माझ्या पेटीत आहे. हे जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

“लोखंड आहे,” मी म्हणालो. “टाक ते.”

“लोखंड? डोळ्यांत फूल पडलं का तुमच्या? ही कपची बघा! लहानपणी मेमे माझ्या कमरेच्या दोऱ्यात बांधायची ना, तेच. माझ्या आईचं आहे हे, बापा!”

म्हातारीने कान टवकारले. “घे रे सुदर्ना. स्मशानाखालच्या ओढ्यात पोरं वाळू चाळतात, त्यांनी आणलंय. पाच लाख रुपिया.”

“सकाळपर्यंत या राशीतलं नाणं पंचवीस हजारांना देत होतीस की!”

“मग सकाळी कुठे उलथला होतास?”

सुमेर्तीने पैसे मोजले. माझी मुलगी घासाघीस न करता पैसे देते म्हणजे आता तिला देवही थांबवू शकत नाही, हे मला कळून चुकलं.

स्कूटरवरून घरी येताना ती वाऱ्यात ओरडत होती, “हे परत तिच्याकडे गेलं पाहिजे. पुरोहितांना विचारू. उद्याच समुद्रावर जाऊन सोडू.”

मी मागे बसून हिशेब मांडत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाणं एकदा समुद्रात गेलं की माझं पापही बुडालं. अकरा वर्षं गप्प बसलोय, त्यात आणखी एक दिवस काय जड आहे? लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा सुटका मोठी वाटत होती.

घरी पोचताच तिने मामाला, म्हणजे रस्मिनीच्या धाकट्या भावाला, बोलावून घेतलं. कार्सा साधा माणूस. त्याला नाणं आणि बटण यांतला फरक कळत नाही. सुमेर्तीने चिंचेच्या कोळाने नाणं घासलं, पुसलं आणि सवयीने ओसरीच्या पायरीवर टाकलं.

ते नुसतंच पडलं.

तिने उचलून पुन्हा टाकलं. मग भोक डोळ्याजवळ नेऊन कडेवरचे ओरखडे बघितले.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली. “आणि आगीत गेलेलं आहे. म्हणजे जाळायच्या आधीच कुणीतरी बदललं.” ती मामाकडे वळली. “मामा, बापांनी आकृती ओवल्यावर रात्रभर मेमेजवळ तुम्ही बसला होतात.”

“बसलो होतो. रडत होतो गं मी.”

“रडत रडत माणसं बरंच काही करतात.”

कार्साचा चेहरा बघवत नव्हता. त्याने दोन्ही हात जोडले. कुणासमोर जोडायचे तेच त्याला कळेना, तेव्हा तो माझ्याकडे वळला. “ब्ली, तुम्ही सांगा हिला. ब्ली म्हणतो तुम्हांला, थोरला भाऊ मानतो. तुम्ही खरं नाणंच ओवलं होतं ना? मी हात लावला नाही हो त्याला.”

‘हो, खरं नाणंच ओवलं होतं’ एवढंच म्हणायचं होतं. कुणीही विश्वास ठेवला असता. नाण्याच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. आणि हा बिचारा, बहिणीच्या देहाजवळ रात्र काढलेला, मरेपर्यंत चोर ठरला असता.

“मी बदललं,” मी म्हणालो.

सुमेर्ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “विकलंत?”

“नाही. पेटीत आहे.”

“विकलं नाही? मग कशासाठी?”

“ते नाणं जळताना मला बघवलं नसतं.”

माझ्या तोंडून काय गेलं ते मला तेव्हा कळलं नाही. कार्साला कळलं. जोडलेले हात खाली घेत तो हळूच म्हणाला, “ताईला जळताना बघवलं तुम्हांला.”

मी आत जाऊन पेटी आणली. अकरा वर्षं दार लावून एकट्यानेच बघितलेलं नाणं पहिल्यांदाच चारचौघांत काढलं आणि खोट्याशेजारी ठेवलं. उन्हात ते असं झळकलं की अशा वेळीही माझी नजर त्यावर खिळली. सुमेर्ती माझ्या नजरेकडे बघत होती.

“घे,” मी म्हणालो. “उद्या हे सोडू. मी स्वतः माझ्या हाताने सोडतो.”

तिने काळं नाणं उचललं.

“हे तिच्याबरोबर जळलं,” ती म्हणाली. “राखेत पडलं, ओढ्यात पडलं. खोटं का असेना, आता हेच तिचं हाड आहे.” तिने ते पांढऱ्या फडक्यात बांधून मामाच्या हातात दिलं. “उद्या आम्ही दोघं जाऊ.”

“आणि हे?” मी विचारलं.

“ते सांभाळा ना, बापा,” ती म्हणाली. “तुम्हांला तेच हवं होतं.”