जादा गाडीचा ड्रायव्हर

मेणाच्या गोळ्यातून तिने कोरणीने नाक वर काढले, ओठांची रेघ ओढली आणि मग त्या रेघेचे एक टोक अंगठ्याने खाली दाबले. टेबललॅम्प बाजूने धरल्यावर ओघळलेल्या ओठाखाली बारीकशी सावली पडली. हीच सावली तिला हवी होती. चित्रात ती काही केल्या जागेवर पडत नव्हती.

"हे काय नवीन? आता पुतळे?" दादाने दारातूनच विचारले. तो बाबांची औषधे घेऊन आला होता.

"सावली बघतेय."

"सावली बघायला डोकं लागतं होय?"

"लागतं. तुझं काही कामाचं नव्हतं, म्हणून मेणाचं केलं."

मेण तिच्या कामावरचे होते. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवत असे. दिवसभर लोकांचे दात बसवून झाले की घरी येऊन 'जादा गाडी' काढायची. दर आठवड्याला कॉमिकचे एक पान इंटरनेटवर जायचे, आणि त्या एका पानापायी घरादाराला काय काय सोसावे लागले होते! गाडी सगळ्या बाजूंनी दिसावी म्हणून तिने उरल्यासुरल्या प्लास्टरची बस केली होती, तिची दारे उघडत असत. गाडी समुद्राच्या तळाशी जाणार होती तेव्हा घरात मासे आले, आणि आईने "एक तर हे राहतील नाहीतर मी" असे बजावल्यावर शेजाऱ्यांकडे गेले. हिचे खूळ, असे सगळे म्हणत. खूळ तर खूळ, पान कधी चुकले नव्हते.

'जादा गाडी' जिथे कुठलीच बस जात नाही तिथे जायची. ढगात, तळ्याखाली, कालच्या दिवसात. तिचा ड्रायव्हर होता एक जाडजूड, तिरकस बोलणारा माणूस. वाचणारे त्याला ड्रायव्हरकाका म्हणत आणि त्याच्या टोमण्यांवर जीव टाकत. ते टोमणे बाबांचे होते. पोटही बाबांचे होते, गालावरचा तीळही. जन्मभर शहरातली बस चालवलेल्या बाबांना मात्र तिने हे कधी सांगितले नव्हते, तिला लाज वाटायची.

मग बाबांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंडाचा उजवा कोपरा खाली आला. त्यांना समजायचे सगळे, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचे. त्यानंतर ती पान काढायला बसली, तर सरळ तोंडाने टोमणे मारणारा तो ड्रायव्हर तिला खोटा वाटू लागला. तोतया कुणीतरी आपल्या बाबांच्या जागेवर बसून गाडी हाकतोय, असे वाटून तिला त्याचा रागच आला.

"काकांचंही तोंड वाकडं करणार मी," ती दादाला म्हणाली. "तसेच चालवतील ते गाडी. काही बिघडत नाही."

"लोक हसतील बाबांना."

"ते आधीपासून हसतायत. बाबांच्या विनोदांना."

"विचारलंस त्यांना?"

ती मेणाच्या कानाशी खुडबुडत राहिली. "विचारलं."

"मग?"

"मान हलवली. नाही म्हणून."

"झालं तर! विषय संपला."

विषय संपला नव्हता. टॅबवर चेहरा काढून ती बाबांसमोर धरायची. "बाबा, हे तुम्ही. काढू असं?" बाबा बघत, कपाळाला आठ्या घालत आणि मान हलवत. तिने सुरकुत्या कमी केल्या, मान हललीच. स्टिअरिंगमागचा चेहरा काढला, तरी तेच. गेल्या खेपेला तर त्यांनी डाव्या हाताने टॅब ढकलून दिला होता आणि घशातून काहीतरी बोलायचा आटापिटा करून शेवटी भिंतीकडे तोंड केले होते. त्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन रडली.

"हे बघ," ती आता म्हणाली, "सरळ तोंडाचा ड्रायव्हर मी काढणार नाही. आणि बाबांच्या मनाविरुद्ध वाकडाही काढणार नाही."

"म्हणजे गाडी बंद."

"म्हणजे मी अजून एकदा काढणार."

दादाने हात जोडले आणि औषधे ठेवून तो निघून गेला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने मेणाचे डोके समोर ठेवून नवे पान पुरे केले. सावली बसली होती. मग नेहमीच्या सवयीने तिने चित्र उलटवले, डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. चित्र काढणारे असे करून बघतात. रोज तेच ते पाहून डोळे निर्ढावतात, उलटवले की कुठला डोळा घसरलाय, कुठला कान पळालाय ते लगेच कळते. तिने एक कान जागेवर आणला. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"येतेस का गं? हे हलतायत नुसते. कापेन मी एखाद्या वेळी!"

आई बाबांची दाढी करत होती. बाबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर फेस होता आणि डाव्या हातातल्या आरशात बघून ते आईला कुठे राहिलेय ते हुं-हुं करून दाखवत होते.

"धरा की नीट! जन्मभर गाडी चालवलीत, आता दाढीसुद्धा तुम्हीच चालवणार का?"

ती टॅब तसाच हातात घेऊन आली होती. आल्यासारखे विचारून टाकावे म्हणून तिने तो बाबांसमोर धरला.

"बाबा, शेवटचं. आता नाही म्हणालात तर पुन्हा नाही विचारणार."

बाबांनी चित्राकडे पाहिले. मग आरशात पाहिले. पुन्हा चित्राकडे. आरसा त्यांनी हळूहळू टॅबच्या शेजारी आणला आणि दोन्ही चेहरे एका ओळीत धरून ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"मी," ते म्हणाले.

आईच्या हातातला वस्तरा थांबला. कितीतरी दिवसांत त्यांच्या तोंडून इतका स्वच्छ शब्द आला नव्हता.

तेव्हा कुठे तिचे लक्ष चित्राकडे गेले. बाबांच्या डाव्या गालावरचा तीळ चित्रात उजव्या गालावर होता, ओठ भलत्याच बाजूला ओघळला होता. चित्र पुन्हा सरळ करायची ती विसरली होती. आणि आरशातही अगदी तसेच होते, तीळ तिकडे, ओठ इकडे. घरातले सगळे बाबांना समोरून बघत होते, बाबा मात्र स्वतःला फक्त आरशात बघत होते. झटक्यानंतर त्यांनी एकही फोटो काढू दिला नव्हता. इतके दिवस ती त्यांच्यापुढे कुणा परक्याचा चेहरा धरत होती, आणि ते बिचारे परोपरीने सांगत होते की बाई, तुझं चुकतंय.

तिला हसू आणि रडू एकदमच आले.

"काढू मग?"

बाबांनी मान डोलावली आणि टॅब मांडीवर ओढून घेतला. ते काही तो सोडेनात. आई वस्तरा धरून उभी, आणि गालावरचा फेस वाळून चालला होता.

दुपारी तिने पानातली बस सरळ केली, दार आणि स्टिअरिंग आपापल्या जागी नेले. चेहऱ्याला हात लावला नाही.

पान गेले आणि संध्याकाळपर्यंत प्रतिक्रिया येऊ लागल्या. काकांना काय झालं म्हणून काहींनी हळहळून विचारले. एका जुन्या वाचकाने मात्र बारकाईने पाहिले होते. 'काकांचा तीळ चुकीच्या गालावर गेलाय. चेहरा उलटा पडला वाटतं.' त्याच्याखाली बाकीच्यांनी री ओढली. दादाचाही फोन आला.

"अगं, चुकलंय म्हणतायत सगळे. दुरुस्त तरी कर!"

"बघते," ती म्हणाली आणि त्या वाचकाला उत्तर लिहायला बसली.

'ज्यांचा गाल आहे त्यांना विचारलं. बरोबर आहे म्हणाले.'